व्हायकिंग राजांच्या वंशावळी कुठं तोडाव्यात?

स्वीडनच्या गादीवर आज कार्ल सोळावे गुस्ताफ आहेत. यातले पहिले सहा कार्ल कधी जन्मलेच नाहीत. योहानेस माग्नुस या परागंदा आर्चबिशपानं सोळाव्या शतकात गोथ आणि स्वीडिश राजांचा एक भलाथोरला इतिहास लिहिला. त्याच्या मृत्यूनंतर, १५५४ मध्ये, तो रोममध्ये छापला गेला. नोहाचा नातू मागोग याच्यापासून सलग राजांची रांग त्यात लावून दिलेली आहे. स्वीडनला युरोपातल्या जुन्या घराण्यांच्या पंगतीत मानाचं पान मिळवून द्यायचं होतं, म्हणून जिथं राजे नव्हते तिथं ते घातले गेले. त्या काळचा स्वीडनचा राजा गुस्ताफ वासा याच्या मुलांनी ही यादी खरी धरून आपापले क्रमांक घेतले: एरिक चौदावा, कार्ल नववा. पुराव्यात सापडणारा पहिला कार्ल म्हणजे ११६७ मध्ये मारला गेलेला कार्ल स्वेर्केर्सोन. त्याला आज ‘सातवा’ म्हणतात.

या आकड्यानं कुणाचं काही बिघडत नाही, आणि तो बदला असा आग्रह धरण्यात हशील नाही. पण जागा दिसली की राजा बसवायचा, ही खोड तिथंच संपली नाही. संग्रहालयांतले तक्ते, पर्यटकांसाठीची माहितीपत्रकं आणि हजारो हौशी लोकांनी मिळून इंटरनेटवर वाढवलेले वंशवृक्ष यांतून ती आजही जोरात आहे. तिथं ओडिन देवापासून दंतकथांतला व्हायकिंग वीर रॅग्नार लोडब्रोक याच्यापर्यंत आणि रॅग्नारपासून आजच्या एखाद्या माणसापर्यंत सगळ्या रेघा एकाच जाडीच्या असतात. माझं म्हणणं असं की जी संस्था लोकांच्या पैशावर चालते, तिनं व्हायकिंग राजांची वंशावळ मांडताना समकालीन पुरावा जिथं संपतो तिथं रेघ तोडलीच पाहिजे. आणि तुटलेली रेघ जोडण्यासाठी राजांची थडगी उघडायची असतील, तर त्या हाडांकडून नेमकं काय विचारायचं आहे हे आधी लिहून दाखवल्याशिवाय परवानगी मिळू नये.

या वंशावळी मुळात तयार का झाल्या, ते आधी पाहू. नॉर्वेत ११६३ च्या वारसा कायद्यापर्यंत राजाचा कोणताही मुलगा, औरस असो वा अनौरस, गादीवर हक्क सांगू शकत असे. थोरला-धाकटा हा भेद नव्हता. एकाच वेळी दोघं-तिघं राजे असणंही नवलाचं नव्हतं. अशा व्यवस्थेत ‘बाप कोण’ हा प्रश्न सैन्याइतकाच महत्त्वाचा ठरतो. त्यामुळे वंशावळ हे दावा सांगण्याचं साधन झालं. १२१८ मध्ये हाकोन चौथ्याची आई इंगा हिला, आपला मुलगा खरोखर राजाचाच आहे हे सिद्ध करण्यासाठी, बेर्गेनमध्ये तापलेलं लोखंड हातात धरून दिव्य करावं लागलं. नॉर्वेच्या राजांचा सर्वांत प्रसिद्ध इतिहास लिहिणारा आइसलँडचा स्नोरी स्तुर्लुसोन याच हाकोनच्या काळात, १२३० च्या सुमारास लिहीत होता. १२४१ मध्ये त्याच हाकोनच्या माणसांनी त्याला ठार केलं. राजरक्ताचा प्रश्न किती ज्वलंत होता याची त्याला पुरती कल्पना असणार.

हॅराल्ड हार्डराडाचं उदाहरण इथं फार बोलकं आहे. १०४६ ते १०६६ या काळात तो नॉर्वेचा राजा होता. त्याचा दावा मुख्यतः एका नात्यावर उभा होता: तो नॉर्वेचा आधीचा राजा संत ओलाफ याचा सावत्र भाऊ. पण हे नातं आईकडून. आई ओस्ता एक, बाप वेगळे. ओलाफचा बाप हॅराल्ड ग्रेन्स्के, तर याचा बाप सिगुर्ड सीर, रिंगेरिके भागातला एक छोटा राजा. हार्डराडाच्या स्वतःच्या दरबारी कवींनी त्याला ओलाफचा भाऊ म्हणून गौरवलं आहे. पुढच्या सागांमध्ये (मध्ययुगीन आइसलँडच्या गद्यकथांमध्ये) मात्र सिगुर्ड सीर हासुद्धा नॉर्वेचा पहिला राजा मानल्या जाणाऱ्या हॅराल्ड फेअरहेअरचा पणतू झालेला दिसतो, मधे हाल्फदान आणि सिगुर्ड ह्रीसी अशी दोन नावं घालून. नंतरचे सगळे राजे हार्डराडाचे वंशज, त्यामुळे मूळ पुरुषापर्यंत बापाकडून पोचणारी रेघ हवीच होती. सागांनी हॅराल्ड फेअरहेअरला वीसेक मुलगे दिले आहेत. नवा दावेदार आला की त्याला टांगायला एक खुंटी तयारच.

म्हणून मग सागा फेकून द्यायच्या का? मुळीच नाही. बखर आणि अस्सल कागद यांतला फरक मराठी वाचकाला समजावून सांगावा लागत नाही, आणि बखरही कामाची असते हेही सांगावं लागत नाही. प्रश्न आहे तो बखरीचा शब्द कुठपर्यंत धरायचा याचा. त्याला व्हायकिंगांच्या बाबतीत बऱ्यापैकी मोजता येण्यासारखं उत्तर आहे, असं मला वाटतं.

पश्चिम नॉर्वेच्या जुन्या गुलाटिंग कायद्यात वडिलोपार्जित ‘ओडाल’ जमिनीवर दावा सांगणाऱ्यानं काय करायचं हे दिलं आहे. ती जमीन ज्यांच्याकडे होती अशा पाच पूर्वजांची नावं घ्यायची, आणि सहावा असा की ज्याच्याकडे ती ओडाल हक्कानंच आली होती. म्हणजे पाच-सहा पिढ्या तोंडपाठ असणं ही त्या समाजात कायद्याची गरज होती. भावकी समोर बसून ऐकत असे, चुकलं तर तिथंच अडवत असे. एका पिढीला ३० वर्षं धरली तर ही स्मृती दीडशे ते पावणेदोनशे वर्षं मागं जाते. त्याच्या पलीकडे नाव अडवणारं कुणी उरत नाही.

ही फूटपट्टी डेन्मार्कला लावून पाहू. १०७० च्या दशकात ब्रेमेनचा अ‍ॅडम नावाचा धर्मगुरू लिहीत होता, आणि डेन्मार्कचा राजा स्वेन एस्त्रिदसेन यानं त्याला स्वतः माहिती सांगितली. स्वेनची आई एस्त्रिद, तिचा बाप स्वेन फोर्कबिअर्ड, त्याचा बाप हॅराल्ड ब्लूटूथ, त्याचा बाप गोर्म. चार पायऱ्या. तिथपर्यंत अ‍ॅडमची माहिती घट्ट आहे. गोर्मच्या मागं गेल्यावर ती विस्कटते. स्वीडनहून आलेला कुणी ओलाफ, त्याची मुलं, मग सिगेरिक, मग नॉर्थमनांच्या (‘उत्तरेकडच्या माणसांच्या’) देशातून आलेला हार्देगोन अशी नावं एकामागून एक येतात, आणि अ‍ॅडम स्वतःच म्हणतो की हे सगळे एकाच वेळी राज्य करत होते की थोड्या थोड्या काळासाठी एकामागून एक, ते निश्चित नाही. त्या काळच्या लेखकानं दिलेली ही कबुली सोन्यासारखी आहे. ती गाळून त्याच्याच नावांची सरळ उभी रेघ आखणारे आजचे तक्ते अ‍ॅडमपेक्षा जास्त जाणतात अशातला भाग नाही.

आणि तरीही त्या विस्कटलेल्या भागातलं सगळं खोटं नाही. हेडेबी या जुन्या व्यापारी शहराच्या परिसरात दोन रूनशिला (रून या जुन्या लिपीत कोरलेले दगड) सापडल्या, एक १७९७ मध्ये, दुसरी १८८७ मध्ये. ओदिंकारची मुलगी आस्फ्रिद हिनं सिगत्रिग राजाच्या स्मरणार्थ त्या उभ्या केल्या. हा सिगत्रिग तिचा आणि ग्नूपाचा मुलगा, असं दोन्ही दगडांवर कोरलेलं आहे. अ‍ॅडमच्या यादीतला सिगेरिक आणि ओलाफच्या मुलांपैकी एक, म्हणजे ग्नूपा, अशी दोन नावं इथं दगडात, नात्यासकट भेटतात. शिवाय ९३४ मध्ये जर्मन राजा हेन्रीनं ‘क्नूबा’ नावाच्या डॅनिश राजाला हरवल्याचं कोर्वेचा विदुकिंड लिहितो. आईनं कोरलेला दगड, शत्रूच्या बाजूचा इतिहासकार आणि दीडशे वर्षांनी ऐकीव लिहिणारा अ‍ॅडम, तिघांचा एकमेकांशी संबंध नाही, आणि तिघं जुळतात. ही रेघ ठळक काढावी. त्याच पानावर त्याच यादीतला सिगत्रिगचा आजा ओलाफ मात्र फिकट राहील, कारण त्याच्यामागं एकट्या अ‍ॅडमचा शब्द आहे.

कामाची पद्धत यातूनच ठरते. वंशावळ करणारा सहसा माणसागणिक कार्ड करतो: नाव, जन्म, मृत्यू, आईबाप. इथंच गाडं घसरतं, कारण आईबापाचा रकाना रिकामा दिसला की तो भरावासा वाटतो. व्हायकिंग काळासाठी कार्ड माणसाचं नको, दुव्याचं हवं. ‘अ हा ब चा मुलगा’ हे एक विधान, त्याला एक कार्ड. त्यावर पाच गोष्टी: हे प्रथम कुणी लिहिलं, केव्हा लिहिलं, घटनेनंतर किती वर्षांनी, त्याला कुठून कळलं असावं, आणि हे खरं ठरण्यात कुणाचा फायदा होता. नंतरच्या दहा ग्रंथांनी तेच उतरवलं असेल तर ते दहा पुरावे नव्हेत. ते पहिल्याच कार्डावर जातात. सगळी कार्डं झाल्यावर मग जोडणी.

हॅराल्ड ब्लूटूथ आणि गोर्म यांचं कार्ड पाहा. डेन्मार्कमधल्या येलिंगच्या मोठ्या दगडावर हॅराल्ड स्वतः सांगतो की बाप गोर्म आणि आई थीरा यांच्या स्मरणार्थ हे स्मारक केलं. मुलाच्या हयातीत, त्याच्याच हुकमानं, लोकांसमोर कोरलेलं. मधलं अंतर जवळपास शून्य. शेजारच्या लहान दगडावर गोर्मनं पत्नी थीराचं नाव कोरून घेतलं आहे. यापेक्षा पक्कं काही मिळणं कठीण.

आता इवार आणि रॅग्नार लोडब्रोक. इवारला आयर्लंडच्या वार्षिक नोंदी ओळखतात. ८७३ साली आयर्लंड आणि ब्रिटनमधल्या सगळ्या नॉर्थमनांचा राजा इवार वारला अशी नोंद आहे. बापाचं नाव नाही. इवारचा बाप ‘लोडब्रोक’ हे अ‍ॅडम लिहितो, म्हणजे दोनशे वर्षांनी. ‘रॅग्नार’ आणि ‘लोडब्रोक’ ही दोन नावं जोडून एकच माणूस करणारं पहिलं लिखाण आइसलँडच्या आरीचं, ११२० ते ११३० च्या आसपासचं. अंतर अडीचशे वर्षं. मध्ये फ्रँक लोकांच्या नोंदींत एक ‘रेगिनहेरी’ आहे, ज्यानं ८४५ मध्ये पॅरिसवर चाल केली आणि ७,००० पौंड चांदी घेऊन माघार घेतली. त्याच वर्षी तो रोगराईत मेला असं फ्रँक लिहितात. सागांमधला रॅग्नार मरतो नॉर्थम्ब्रियात, एल्ला राजाच्या सापांच्या खड्ड्यात. आणि एल्लाची कारकीर्द ८६० च्या दशकातली. एकाच माणसाला दोन ठिकाणी, किमान पंधरा-वीस वर्षांच्या अंतरानं मरता येत नाही. रॅग्नार अजिबात नव्हताच असं यातून सिद्ध होत नाही. पण पॅरिसचा सरदार, कुणी एक लोडब्रोक आणि इवारचा बाप या तीन कार्डांवरचे तीन लोक एकच असल्याचा समकालीन पुरावा शून्य आहे, आणि रॅग्नारवरच्या टीव्ही मालिकेमुळे तो निर्माण होत नाही.

आयर्लंडमधून आणखी एक धडा मिळतो. तिथल्या नोंदींत दहाव्या शतकाच्या सुरुवातीला किमान चार जण ‘इवारचा नातू’ म्हणून येतात: ९०४ मध्ये मारला गेलेला दुसरा इवार, राग्नाल, सित्रिक आणि गोफ्रेद. डब्लिन आणि यॉर्कचं राजकारण या लोकांनी हलवून सोडलं. पण मधली पिढी? एकाच्याही बापाचं नाव नाही. आजोबा एवढा मोठा की बाप सांगायची गरज वाटली नाही, किंवा नातं मुलीकडून असावं. वंशवृक्षाच्या संगणकी साच्यात आजोबाला नातवाशी थेट जोडायची सोय नसते. मधे एक चौकोन लागतो. मग त्या चौकोनात हवं ते नाव बसतं, आणि पुढचा माणूस ते उतरवून घेतो. साच्याच्या अडचणीतून अशा प्रकारे ऐतिहासिक पुरुष जन्माला येतात. ‘नाव अज्ञात’ असा चौकोन ठेवता येतो, तो ठेवावा.

फ्रँक नोंदींतही अशीच खाच आहे. ८१० मध्ये डेनांचा राजा गोडफ्रेड त्याच्याच माणसाकडून मारला गेला, पुतण्या हेमिंग गादीवर आला, ८१२ मध्ये तोही गेला. मग सिगफ्रिड आणि अनुलो लढले, दोघंही पडले. १०,९४० माणसं कामी आली असं नोंद म्हणते (आकड्याचा नेमकेपणाच संशय वाढवतो). या दोघांचं जुन्या राजांशी नातं लॅटिन ‘नेपोस’ या शब्दानं सांगितलं आहे. मध्ययुगीन लॅटिनमध्ये त्याचा अर्थ पुतण्या, भाचा किंवा नातू, काहीही होतो. यातला एक अर्थ निवडला की अख्खं घराणं एका पिढीनं वर किंवा खाली सरकतं. इथं तक्त्यात ‘नातलग’ एवढंच लिहिणं प्रामाणिकपणाचं. पुढं ८५४ मध्ये होरिक राजा मोठ्या भाऊबंदकीत मारला गेला, तेव्हा राजकुळातला एक मुलगा तेवढा उरला असं फुल्डाच्या नोंदी सांगतात. तिथपासून गोर्मपर्यंत ऐंशी-नव्वद वर्षांत डॅनिश राजांची सुटीसुटी नावं मिळतात, सलग घराणं मिळत नाही. गोडफ्रेडपासून गोर्मपर्यंत रेघ ओढणारा प्रत्येक तक्ता ही पोकळी कल्पनेनं ओलांडतो.

नाव सारखं म्हणून माणूस तोच, ही या क्षेत्रातली सर्वांत मोठी चूक. २०११ मध्ये इंग्लंडच्या लँकशर परगण्यात सिल्व्हरडेल इथं चांदीचा साठा सापडला. त्यात एका नाण्यावर ‘एअरडेकोनुट’ असं राजाचं नाव होतं, म्हणजे हार्थाक्नुट. नॉर्थम्ब्रियाचा, तोवर कुणाला ठाऊक नसलेला राजा. नाणं ९०० च्या सुमाराचं. गोर्मचा बाप हार्थाक्नुट असावा अशी उत्तरकालीन परंपरा आहेच. झालं. काही वंशवृक्षांत हा यॉर्कचा राजा थेट गोर्मचा बाप झाला. नाण्यावर बापाचं नाव नाही, मुलाचं नाही. ते फक्त एवढं सांगतं की या नावाचा ख्रिस्ती राजा त्या भागात नाणी पाडत होता. मेलेल्या नातलगाचं नाव नव्या मुलाला ठेवायची रीत होती, त्यामुळे सारखं नाव दोन घराण्यांतलं नातं सुचवू शकतं. कोणतं नातं, हे ते कधीच सांगत नाही.

साधं गणितही पुष्कळदा पुरतं. कीव्हमध्ये बाराव्या शतकाच्या सुरुवातीला रचलेल्या इतिवृत्तात तिथल्या राजघराण्याचा मूळ पुरुष मानला जाणारा रुरिक ८७९ मध्ये मरतो, मागं लहानगा मुलगा इगोर. इगोर ९४५ मध्ये मारला जातो. त्याची बायको ओल्गा ९०३ मध्ये लग्न होऊन आली, आणि त्यांचा मुलगा स्व्यातोस्लाव ९४२ मध्ये जन्मला असं एक प्रत सांगते. म्हणजे मुलगा झाला तेव्हा इगोर साठी ओलांडलेला आणि लग्नाला ३९ वर्षं झालेली. इगोर स्वतः खरा आहे. बायझँटियमवरची त्याची ९४१ ची स्वारी बाहेरच्या लेखकांनी नोंदली आहे. ताणलेला आहे तो रुरिक-इगोर हा दुवा. मधे एखादी पिढी गळली असेल, किंवा दोन वेगळी घराणी मागाहून शिवली गेली असतील.

स्नोरीनं दिलेल्या ‘इंग्लिंग’ या दंतकथांतल्या राजघराण्याच्या वंशावळीपाशी आता फार वेळ थांबायला नको. नवव्या शतकातला कवी थ्योदोल्फ याच्या काव्यात ३० पूर्वज असल्याचं स्नोरी सांगतो. तीस पिढ्या म्हणजे नऊशे वर्षं. ओडाल कायद्याच्या स्मृतीच्या पाचपट. त्यातला फ्योल्निर मधाच्या दारूच्या पिंपात बुडून मरतो, स्वेग्दिर बुटक्याच्या नादानं दगडात शिरतो. हे काव्य मुळात नवव्या शतकातलं की बाराव्या, यावरही वाद आहे. १९९१ मध्ये क्लाउस क्राग यांनी ते उशिराचं ठरवलं, इतरांनी जुनं. स्नोरीचा बचाव असा की राजासमोर त्याच्याबद्दल खोटं गायची छाती कुणाला होणार, ती स्तुती न ठरता टवाळी ठरली असती. बचाव चोख आहे, पण तो समोर बसलेल्या राजाच्या पराक्रमाला लागू होतो. तिसाव्या पूर्वजाचं काहीही गायलं तरी कुणाला हरकत घेता येणार होती?

यात सर्वांत जास्त नुकसान झालं ते पुरातत्त्वाचं, आणि त्याला संस्थाच जबाबदार आहेत. नॉर्वेतल्या गोकस्टाडच्या दफनाच्या टेकाडातलं जहाज १८८० मध्ये उकरलं. आत एका धिप्पाड माणसाची हाडं होती. तो ओलाफ गेइरस्ताद-आल्फ असावा, हे नाव सागांवरून सुचवलं गेलं. हा ओलाफ पायाच्या दुखण्यानं मेला असं परंपरा सांगते, आणि पहिल्या तपासणीत हाडांत सांधेदुखीच्या खुणाही दिसल्या. पुरावा जुळला, असं वाटलं. एकविसाव्या शतकात पुन्हा तपासणी झाली तेव्हा पायांच्या हाडांवर धारदार शस्त्रांचे घाव स्पष्ट दिसले, भरून न आलेले. तो लढाईत मारला गेला होता. लाकडाच्या वलयांवरून दफन ९०० च्या आसपासचं ठरलं. ओलाफचा मृत्यू त्याच्या किमान एक पिढी आधीचा धरावा लागतो. ओसेबर्गच्या जहाजाचंही तेच. ८३४ मधलं दफन, दोन स्त्रिया, आणि मुख्यतः जागेच्या नावावरून ठरवलेली ‘राणी ओसा’. आधी सागेवरून टेकाडाला नाव द्यायचं, मग टेकाड दाखवून सागा खरी म्हणायची, हे चक्र एकदा फिरू लागलं की थांबवणारं कुणी नसतं.

मग डीएनए आहेच की, असं आता सगळे म्हणतात. डीएनए काय करू शकतो ते नीट समजून घेतलं पाहिजे. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं. मायटोकाँड्रियाचा डीएनए आईकडून मुलांकडे. या दोन रेघांवर बसणारा प्रश्न असेल तर उत्तर मिळतं, आणि नकार होकारापेक्षा पक्का असतो. रोस्किल्डच्या कॅथेड्रलमध्ये एका खांबात स्वेन एस्त्रिदसेन, तर दुसऱ्या खांबात त्याची आई एस्त्रिद पुरली आहे असं शतकानुशतकं मानलं जाई. २००७ मध्ये दोघांच्या दातांतला मायटोकाँड्रियाचा डीएनए तपासला, जुळला नाही. बाई पस्तिशीच्या आसपास वारलेली निघाली, तेही एस्त्रिदच्या आयुष्याशी बसत नव्हतं. ती स्वेनच्या सुनेची हाडं असण्याचा संभव आहे. तिलाही एस्त्रिद म्हणत. प्रश्न छोटा होता, दोन्ही टोकांना नावं होती, उत्तर स्वच्छ आलं.

इंग्लंडमधल्या रेप्टन इथली गोष्ट उलट बाजू दाखवते. ८७३-७४ च्या हिवाळ्यात व्हायकिंग सैन्यानं तिथं तळ ठोकला होता. तिथल्या दोन पुरुषांच्या हाडांवरून ते बाप-लेक असल्याचं डीएनएनं दाखवलं. एवढंच. डब्लिनचा ओलाफ आणि त्याचा मुलगा अशी नावं त्यांना सुचवली गेली, पण ती ग्रंथांतून आली आहेत, हाडांतून नव्हे. रेप्टनच्याच किमान २६४ जणांच्या सामूहिक दफनातल्या हाडांच्या कार्बन तारखा आधी गोंधळाच्या येत होत्या, काही तर व्हायकिंगांच्याही आधीच्या. कारण जेवणात सापडलं: समुद्री मासे खाणाऱ्याच्या हाडांत जुना कार्बन शिरतो आणि तारीख शतकांनी मागं जाऊ शकते. आहाराप्रमाणे दुरुस्ती केल्यावर तारखा नवव्या शतकाच्या शेवटी आल्या. ही दुरुस्ती न करता छापलेली कुठलीही व्हायकिंग तारीख वंशावळीला जोडू नये.

घरबसल्या थुंकी पाठवून ‘रॅग्नारचे वंशज’ ठरणाऱ्यांबद्दल दोन आकडे पुरेत. पस्तीस पिढ्या मागं गेलं तर कागदावर पूर्वजांच्या जागा होतात सुमारे ३,४३६ कोटी, म्हणजे तेव्हाच्या जगाच्या लोकसंख्येच्या शंभरपटीच्या आसपास. तेच तेच लोक असंख्यदा येतात. आणि इतक्या मागच्या बहुतेक पूर्वजांच्या डीएनएचा एक तुकडाही आपल्यात उरलेला नसतो. नवव्या शतकात ज्याचा वंश टिकला, तो आज बहुतेक सगळ्या युरोपियनांचा पूर्वज आहे. वंशज असणं स्वस्त आहे. दुवा दाखवणं महाग.

थडगी उघडायच्या परवानगीकडे येऊ. २०१६ मध्ये नॉर्मंडीत फेकाँ इथं रिशार पहिला आणि दुसरा या ड्यूकांची मानलेली हाडं काढली गेली. नॉर्मन घराण्याचा मूळ पुरुष रोलो डॅनिश की नॉर्वेजियन, हा जुना वाद त्यातून मिटेल अशी आशा होती. कार्बन तपासणीत हाडं त्या ड्यूकांच्या कितीतरी आधीच्या माणसांची निघाली. डीएनएपर्यंत जायची वेळच आली नाही. यावरून क्रम ठरतो: आधी तारीख, मग डीएनए. शिवाय ड्यूकांचीच हाडं निघाली असती तरी एखाद्या वाय गुणसूत्रावर ‘डेन्मार्क’ किंवा ‘नॉर्वे’ असं लिहिलेलं नसतं. नवव्या शतकात दोन्ही किनाऱ्यांवर तेच वाय प्रकार मिसळलेले होते. प्रश्नच असा होता की त्याचं उत्तर हाडं देऊ शकली नसती.

याउलट एक प्रश्न मात्र विचारण्याजोगा आहे, आणि त्यासाठी मी परवानगी देईन. येलिंगच्या उत्तर टेकाडातली दफनाची कोठी ९५८-५९ च्या लाकडाची. १८२० मध्ये ती उघडली तेव्हा आत प्रेत नव्हतं. १९७८ मध्ये शेजारच्या चर्चखाली मध्यम वयाच्या एका पुरुषाची हाडं मिळाली. ती गोर्मची, हॅराल्डनं ख्रिस्ती झाल्यावर बापाला चर्चमध्ये हलवलं, असा तर्क आहे. २००० मध्ये ती पुन्हा पुरली गेली. गोर्मचा पणतू क्नुट, इंग्लंडचा राजा, विंचेस्टरच्या कॅथेड्रलमध्ये आहे. तिथल्या सहा पेट्यांतली हाडं १६४२ मध्ये सैनिकांनी इतस्ततः फेकली, आणि त्यांच्या तपासणीत किमान २३ जणांची हाडं एकत्र असल्याचं २०१९ मध्ये जाहीर झालं. गोर्म, हॅराल्ड, स्वेन, क्नुट ही सलग बापाकडची रेघ आहे, वाय गुणसूत्राच्या मार्गावर तंतोतंत बसणारी. दोन्ही टोकांची नावं सागांवर अवलंबून नाहीत. पेट्यांतल्या अकराव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या एखाद्या पुरुषाचा वाय प्रकार येलिंगच्या माणसाशी बारीक फाट्यापर्यंत जुळला, तर येलिंगच्या हाडांना प्रथमच नाव मिळेल. जुळला नाही, तर तीन शक्यता उरतील: विंचेस्टरचा माणूस क्नुट नव्हे, येलिंगचा माणूस गोर्म नव्हे, किंवा मधे कुठंतरी बाप वेगळा. तिसरी शक्यता निघाली तरी रूनशिलेवरचा मजकूर खोटा ठरत नाही. हॅराल्डनं ज्याला बाप म्हटलं तो गोर्मच. म्हणून अर्जात या तिन्ही शक्यता आणि प्रत्येकीत तक्त्यावर काय बदलायचं, हे फावडं लावण्याआधीच लिहून घ्यावं.